दोन मिनिटांच्या आत

सिमरोलच्या अलीकडे, खंडवा रोडला,
शेडचा पत्रा सकाळी सातलाच तापू लागतो.
गेंदालाल कोंबडी उलटी धरतो,
पंखाखालची पिसं फुंकरीनं बाजूला करतो
आणि मला शीर दाखवतो,
सुईत ओवायला ओलावलेल्या दोऱ्यासारखी.

एक थेंब रक्त.
एक थेंब आमचं औषध. गेंदालाल औषध म्हणतो म्हणून मीही म्हणते;
मेलेले जंतू आहेत, जांभळ्या रंगात बुडवलेले.
चार वर्षं आणि सत्तावीस बॅचेस गेल्या
त्यांना धड मरायला शिकवण्यात:
जास्त उकळले तर कुणाला ओळखू येत नाहीत,
कमी उकळले तर उगाच आपसांत चिकटतात.

पांढऱ्या फरशीवर काडीनं ढवळायचं,
फरशी हलके डोलवायची, मोजायचं.
दाणे धरले, तर हिला कधीतरी होऊन गेलंय,
पायात लाल कडी.
नाही धरले तर सोडून द्यायची.
दोन मिनिटांच्या आत. नंतरचं काही खरं मानायचं नाही,
वाळत आलेला थेंब काहीही कबूल करतो.

"ये तो अच्छी-भली है, मॅडम,"
गेंदालाल म्हणतो, दर कोंबडीला.
आणि असतेच ती. तुरा लाल, डोळा लख्ख,
कालच अंडं दिलेलं.
ताप उतरून महिने झाले असतील,
रक्त तेवढं विसरलेलं नाही.

पहिल्या वर्षी एक दिवसाच्या पिल्लांचं रक्त घेतलं होतं.
फरशीभर दाणे.
मी तशीच धावत उपासनी सरांकडे.
त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले,
ही साक्ष पिल्लांची नाही, आईची आहे,
बलकातून आलेली. तीन आठवडे थांब.
तीन आठवड्यांनी फरशी कोरी.
वहीत त्या पानावर मी लिहिलं: उसनी प्रतिपिंडं.
सर हसले, पण खोडलं नाही.

पुढे शहाण्णव खळग्यांच्या प्लेटी आल्या.
पिवळा रंग चढतो, यंत्र आकडा देतं,
रेघ कुठे ओढायची ते देत नाही.
पॉइंट तीनवर ओढली तर यासीनभाईंच्या एकशे चाळीस जातात,
पॉइंट चारवर ओढली तर एकोणीस.
मीटिंगला नानकटाई होती.
रेघ थोडी वर सरकली.

त्या रात्री नवलख्याच्या लॅबमध्ये मी एकटीच.
सत्ताविसावी बॅच समोर, लँसेट हातात.
सातवीत मला विषमज्वर झाला होता,
रामबागेतली खोली, एकवीस दिवस, मुगाचं पाणी,
उशीवर केसांचे पुंजके.
माणसांचा तो जंतू आणि कोंबड्यांचा हा, एकाच घराण्यातले,
दोघांचे अंगरखे एकाच शिंप्याकडचे.
औषध फसतं का बघू, असं मी स्वतःला सांगितलं.
खरं कारण ते नसावं.

थेंब. थेंब. काडी.
एक मिनिट, काही नाही.
दीड मिनिट, काही नाही.
मग कडेला, अगदी कडेला,
रव्याच्या कणाएवढं
काहीतरी
एकत्र येऊ लागलं.
आईनं कपाळावर ठेवलेली ओली घडी आठवली,
तिच्या टोकावरचं शिवणकाम.
घड्याळाकडे पाहिलं तेव्हा काटा दोनच्या पुढे होता.
किती पुढे, सांगता येत नाही,
मोजायचंच राहिलं.

फरशी धुतली. वहीत नोंद नाही.

सकाळी सात. पत्रा. पुढची कोंबडी.
गेंदालालनं माझ्या बोटाची चिकटपट्टी पाहिली,
"क्या हो गया, मॅडम?"
काही नाही रे, अच्छी-भली आहे,
तू शीर दाखव.